भीमबेटक्याचं वय विचारायला गेलो होतो

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे दोन बाजूंचा आकडा जुळला नाही की मला अजूनही चैन पडत नाही. भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या गुहांच्या, वयाबाबत माझ्याकडे तीन आकडे जमले होते. शाळेपासून डोक्यात बसलेले दहा हजार, कुठल्याशा कॅलेंडरवरच्या चित्राखालचे तीस हजार आणि पर्यटनाच्या एका पत्रकातले एक लाख वर्षं. जागा एकच. मी तिन्ही आकडे मुक्ताला दाखवले तर ती म्हणाली, “मावशी, तिन्ही बरोबर असू शकतात. किंवा तिन्ही चूक.” आणि लाडवाकडे वळली.

मुक्ता माझी भाची. ती वाळूचं वय काढते. हे वाक्य लग्नाच्या बैठकीत सांगितलं की समोरची मंडळी हवापाण्यावर येतात. पण तिचं काम खरोखर तेवढंच आहे: वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता ते शोधायचं. दिवाळी उरकली, तिला चार दिवस सुट्टी होती, माझं तर काय, निवृत्त. मी म्हटलं, चल, प्रत्यक्ष जाऊनच हिशेब तपासू.

पहिला दिवस, रविवार: खिडकी

आदल्या संध्याकाळी पुण्याहून झेलम धरली होती. उजाडताना इटारसी आलं. चहावाल्याच्या हाकेने उठले आणि तिथून पुढे बसले नाही, दारातच उभी राहिले. नर्मदेचा पूल आला तशी डब्यातल्या निम्म्या लोकांनी हात जोडले, एका आजीने नातवाच्या हातून नाणं टाकायला लावलं. बुदनी मागे पडलं आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं करपायला लागलेली, मधूनच बोगदा.

हा रस्ता मला खिडकीतूनच पाहायचा होता, कारण भीमबेटका सापडलं ते खिडकीतून. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर याच मार्गाने आगगाडीने चालले होते. टेकडीच्या माथ्यावरचे खडक त्यांना दिसले, पुढे ते पायी तिथे गेले, आणि मग आयुष्यभर जातच राहिले. खरं म्हणजे १८८८ साली ही जागा कागदावर आली होती, पण ‘बौद्ध अवशेष’ म्हणून. वाकणकर मूळचे नीमचचे, कर्मभूमी उज्जैन, हाडाचे चित्रकार. गाडीतून हजारो लोक ते खडक रोज बघत असणार. चित्रकाराला त्यांत भिंती दिसल्या.

मला मात्र काहीच दिसलं नाही. टेकडी कुठल्या बाजूला येणार हे आधी बघून ठेवायला हवं होतं. मी या दारातून त्या दारात पळत राहिले, आणि शेवटी मुक्ताने वरच्या बर्थवरून सांगितलं की ओबेदुल्लागंज गेलंसुद्धा.

भोपाळला उतरल्यावर पोहे-जिलबी. आपले पोहे आणि हे पोहे यांत फरक आहे. हे फोडणीला घातलेले कमी आणि वाफवलेले जास्त, वर शेव, बडीशेपेचा वास. जिलबी त्याच बशीत पोह्यांना टेकलेली. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं, चौथ्या दिवशी घरी कसे करायचे ते विचारत होते.

दुपारी श्यामला टेकडीवरचं मानव संग्रहालय पाहिलं. आवार अवाढव्य आहे, माळरानावर वेगवेगळ्या भागांतली आदिवासी घरं मूळ कारागिरांकडून बांधून घेतली आहेत, शिवाय आवारातच काही नैसर्गिक शैलाश्रयांवर, म्हणजे खडकातल्या निवाऱ्यांवर, जुनी चित्रं आहेत. इतकं चालायचं असतं हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: बूट घाला, पाणी घ्या आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आम्ही म्हणूनच रविवारी हे आणि सोमवारी भीमबेटका असं ठेवलं. सुट्टीच्या दिवशी भीमबेटक्याला शाळांच्या सहली असतात, तेही टळलं.

रात्री जुन्या शहरात चौकाजवळ सुलेमानी चहा प्यायलो. चहात मीठ असतं. दूध, साखर आणि मीठ. मुक्ताने दोन कप घेतले. मी एक संपवला, एवढंच म्हणते.

दुसरा दिवस, सोमवार: खड्डा, मोहोळ आणि चिवड्याचा डबा

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटर. शकीलभाई नावाचे गाडीवाले दिवसभरासाठी ठरवले होते. ते साडेसातला येतो म्हणाले आणि सव्वासातला आले. सकाळी चांगलीच थंडी होती, काचेवर दव. हायवे सोडून आत वळलं की रेल्वे फाटक लागतं. ते बंद होतं. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं नाही. दुसरी आली. शकीलभाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरून पेरूवाल्याकडून पेरू घेतले आणि तिखटमीठ लावून आमच्या हातात दिले. पाऊण डझन पेरू आणि अर्धा तास तिथे गेला. परत जायची गाडी पकडायची असेल तर या फाटकासाठी वेळ हाताशी ठेवा.

सगळा भाग रातापानीच्या जंगलाचा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याला वाकणकरांचंच नाव दिलं. वर चढत गेलो तसे खडक दिसू लागले. वाऱ्याने, पाण्याने पोखरलेले, कुणी पीठ मळून अर्धवट सोडून दिल्यासारखे. टेकडीचा माथा म्हणजे उभ्या कड्यांची रांग. युनेस्कोने २००३ साली याला जागतिक वारसा म्हटलं. आजूबाजूच्या टेकड्या धरून सातशेवर शैलाश्रय आहेत, त्यांतले पायवाटेने जोडलेले पंधरा आपल्याला पाहता येतात.

गाइड घ्याच. आम्ही घेतला नसता तर निम्मी चित्रं दिसलीच नसती. आमचे गाइडकाका पन्नाशीचे, मफलर बांधलेले, हातात पातळ काठी. चित्राला काठी कधी लावली नाही, चार बोटं अलीकडेच थांबायची. सुरुवातीला त्यांनी पाठ केलेलं म्हणायला घेतलं, “एक लाख साल पहले यहाँ आदिमानव...” तेवढ्यात मुक्ता म्हणाली, “कौन से थर में?” थर हा शब्द हिंदीत चालत नाही हे तिला कळायच्या आत काकांना कळलं. ते हसले. हिंदीत थराला ‘परत’ म्हणतात. म्हणाले, “परत पूछ रही हैं। चलिए, गड्ढा दिखाता हूँ।” आणि आमचा दिवस बदलला.

आधी मोठी गुहा लागते. हिला ‘ऑडिटोरियम’ म्हणतात. आत शिरलं की थंडगार, उंच, दोन्हीकडून उघडी. मधोमध एकटा खडक उभा, त्यावर वाटीसारखे कोरलेले खळगे. एका भिंतीवर लहान मुलाच्या पंजाचा लाल ठसा आहे. मी आपला तळहात त्याच्यासमोर, न लावता, धरून पाहिला. माझ्या नातीच्या हाताएवढा.

आणि इथेच काकांनी काठी छताकडे केली. “पहले हम ये दिखाते थे। पचपन करोड़ साल पुराना जानवर।”

गोष्ट अशी. मार्च २०२० मध्ये काही भूवैज्ञानिक इथे आले होते. त्यांना छताजवळ पानासारखा, शिरा-शिरांचा एक ठसा दिसला. ‘डिकिन्सोनिया’ या अतिप्राचीन जिवाचा जीवाश्म, असं त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं. जगभर बातम्या आल्या. कारण हा जीव ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इथला खडकही तेवढाच तरुण ठरला असता, आणि विंध्य पर्वताच्या या थरांचं वय शंभर कोटींच्या घरातलं की पन्नास-पंचावन्न कोटींच्या, हा जुना वाद आहे. २०२३ साली दुसऱ्या एका चमूने जवळून पाहिलं तर तो ‘जीवाश्म’ सोलून निघायला लागला होता. ते आग्या मोहोळाचं उरलेलं पोळं होतं. मेणाचं. आधीच्या संशोधकांनी, आणि हे मला फार आवडलं, चूक मान्य केली.

“आदमी पहले मक्खी का घर देख के बोला करोड़ साल,” काका म्हणाले, “अब मैं क्या बोलूँ?” आजूबाजूच्या कड्यांवर आग्या मोहोळं खरीच लटकलेली होती, काळी, हलती. उग्र वासाचं अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा करू नका आणि मोहोळाखाली शेकोटी-धूर तर मुळीच नाही.

खड्डा ऑडिटोरियमच्या शेजारीच आहे. पाटीवरचा क्रमांक तीन-एफ-तेवीस. कठड्यामागे पाहायला काही फार नाही: माती, दगड, सावली. पण भीमबेटक्याच्या वयाचं जे काही आहे त्यातलं बरंचसं याच खड्ड्यातून निघालेलं. १९७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी इथे अनेक हंगाम उत्खनन केलं. जवळजवळ चार मीटर खोल माती, तिचे आठ थर. वरच्या तीन थरांत मध्याश्मयुगातली, म्हणजे अश्मयुगाच्या अलीकडच्या टप्प्यातली, इवलीशी गारेची पाती, आणि खाली जावं तसं जुनं: चौथ्यात उत्तर पुराश्मयुग, पाचव्यात मध्य पुराश्मयुग, आणि सहा-सात-आठमध्ये दगडी हातकुऱ्हाडी नि रुंद धारेची तोडहत्यारं, ज्यांना अश्यूलियन म्हणतात तसली, सर्वांत जुन्या टप्प्यातली. तळाच्या थरांत तर दगडी चिपा अंथरून केलेली जमीन. कुणीतरी बसायला जागा सारखी केली होती.

“मग यांचं वय?” मी विचारलं.

मुक्ता कठड्याला टेकून खाली बसली. पिशवीतून माझा फराळाचा डबा काढला. “हे बघ. तू तळाला शंकरपाळे घातलेस, मग चकली, मग चिवडा. न बघता मला सांगता येतं की शंकरपाळे आधी पडले. पण कधी पडले? वसुबारसेला की भाऊबीजेला? ते डबा सांगत नाही.”

“आणि मी मध्येच हात घालून ढवळलं तर?”

“तर चिवडा तळाला जातो. उंदीर, वाळवी, झाडांची मुळं, सगळे हेच करतात. म्हणून आधी थर ढवळलेत का तेच बघावं लागतं.”

मग तिने पद्धती सांगितल्या. मी त्या वहीत बँकेच्या खतावणीसारख्या लिहून घेतल्या. कोळसा किंवा हाड सापडलं तर कार्बन-१४. जिवंतपणी अंगात असलेला हा कार्बन मेल्यावर दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पन्नास हजार वर्षांनंतर शेकड्याला अर्धासुद्धा उरत नाही, म्हणजे मापणं संपलं. या खड्ड्यातल्या वरच्या थरांना ते चालतं. खालच्यांना नाही, शिवाय इथली माती आम्ल, खालच्या थरांत हाडं टिकलेलीच नाहीत. उरला दगड. दगडाचं हत्यार केव्हा घडवलं ते दगड सांगत नाही, तो फक्त आपलं खडक म्हणूनचं वय सांगेल, आणि ते कोटींत आहे.

“मग तुझी वाळू?”

“माझी वाळू म्हणजे ठिबकणाऱ्या नळाखालचा रांजण.” गारेच्या कणाभोवतीच्या मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा किंचित किरणोत्सर्ग असतो, तो कणात थेंबाथेंबाने साठतो. ऊन लागलं की रांजण उपडा होतो. कण मातीखाली गाडला गेला की पुन्हा शून्यापासून भरायला लागतो. प्रयोगशाळेत किती साठलं ते मोजायचं, वर्षाला किती ठिबकतं त्याने भागायचं. समजा २०० एकक साठलेत आणि हजार वर्षांत दोन जमतात, तर लाख वर्षं. हा भागाकार मला लगेच पटला, अगदी व्याजाच्या हिशेबासारखा. “फक्त,” ती म्हणाली, “रांजण काठोकाठ भरून वाहायला लागला की पुढचं कळत नाही. गारेचा रांजण बहुतेक वेळा लाख-दोन लाखांच्या आसपास भरतो. म्हणजे नेमकं जिथे तुला उत्तर हवंय तिथे.”

“मग पत्रकावरचे एक लाख कुठून आले?”

“हत्यारांच्या घडणीवरून. अमुक तऱ्हेची हातकुऱ्हाड दुसरीकडे इतकी जुनी, म्हणून इथेही साधारण तेवढी.” आणि ‘दुसरीकडे’ काय म्हणतात तर, चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू यांच्या गटाने २०११ साली अश्यूलियन हत्यारांचं वय १५ लाख वर्षांपर्यंत मागे नेलं. त्यासाठी वेगळंच घड्याळ वापरलं, अवकाशातून येणाऱ्या किरणांनी दगडात तयार झालेल्या ॲल्युमिनियम-बेरिलियमचं. तिथेच २०१८ साली मध्य पुराश्मयुगी पद्धतीची हत्यारं ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे ‘अश्यूलियन’ ही पाटी लावली म्हणून एक लाख हा आकडा आपोआप येत नाही.

मी लिहीत होते, मुक्ता बोलत होती, काका ऐकत होते. डबा कठड्याजवळ उघडा होता. एक वानर आलं, शांतपणे, अगदी गुहेत राहणारंच कुणी असावं तसं, आणि चकलीचा संपूर्ण थर घेऊन गेलं. जाताना चिवडा सांडला. काका म्हणाले, “लीजिए, सब परत मिल गई।”

पुढची पायवाट आम्ही सावकाश केली. चौथ्या क्रमांकाच्या खडकाला ‘झू रॉक’ म्हणतात. साडेचारशेवर आकृत्या, त्यांतले अडीचशेच्या आसपास प्राणी. हत्ती, सांबर, गवे, रानडुकरं, एकावर एक. लाल रंगावर पांढरा, पांढऱ्यावर पुन्हा लाल. सकाळच्या तिरप्या उन्हात आधी नुसते डाग दिसतात, मग डोळा सरावतो आणि एकदम कळप उभा राहतो. पुढच्या एका भिंतीवर घोडेस्वारांची रांग, ढाल-तलवारीसह. ही स्वारांची चित्रं ऐतिहासिक काळातली, हे नुसत्या शस्त्रांवरून कळतं. एकाच भिंतीवर शिकारी आणि लष्कर.

चित्रांच्या वयाचा गोंधळ वेगळाच. वाकणकरांनी हिरव्या नि गडद लाल नर्तकांना सर्वांत जुनं, उत्तर पुराश्मयुगातलं मानलं. डेक्कन कॉलेजातच भीमबेटक्याच्या चित्रांवर संशोधन करून एकेका चित्राची प्रत काढणाऱ्या यशोधर मठपालांनी ते मानलं नाही, त्यांच्या मते सर्वांत जुनी चित्रं मध्याश्मयुगातली. वाद सुटायला अडचण अशी की गेरूत कार्बन नसतो. फ्रान्समधल्या काही गुहांत कोळशाने चितारलंय, तिथे कार्बन-१४ चालतं. इंडोनेशियातल्या सुलावेसीत चुनखडीच्या भिंतीवर चित्रावरून चुन्याचा पापुद्रा चढला, त्यातलं युरेनियम मोजून २०२४ साली एका चित्राला किमान ५१,२०० वर्षं मिळाली. इथला खडक वाळूचा, घट्ट. चुन्याचा पापुद्रा चढणार कसा?

शेवटच्या पंधराव्या खडकावर एक अजस्र रानडुक्कर आहे, शिंगांचं. समोर पळणारा इवलासा माणूस. शिंगं असलेलं रानडुक्कर कुणी पाहिलं? काका म्हणाले, “साहब लोग बोलते हैं कल्पना। मैं बोलता हूँ उसने दौड़ते-दौड़ते देखा, गिनने का टाइम नहीं था।” माझ्या मते दिवसभरातलं हे सर्वांत शास्त्रशुद्ध विधान होतं.

वर खायला काही मिळत नाही. खाली हायवेवर येऊन दाल-बाफला खाल्ला. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेली बाटी, तुपात बुडवलेली. तीन खाल्ले तर उठता येत नाही, दोनवर थांबा.

रात्री हॉटेलात मी मुक्ताला म्हटलं, तुमच्या शास्त्रात सगळं भोंगळच दिसतंय. ती चिडली नाही, उलट तिने जुन्नर तालुक्यातल्या बोरीची गोष्ट सांगितली. कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, त्याला लागून अश्यूलियन हत्यारं. १९८८ साली राखेचं वय आलं १४ लाख वर्षं. महाराष्ट्रातला सर्वांत जुना माणूस म्हणून गाजलं. १९९५ च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार. तर काही जणांनी राखेची रासायनिक जात तपासून सांगितलं की ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची राख, ७५ हजार वर्षांपूर्वीची. एकच राख. “बँकेत असं झालं असतं तर?” तिने विचारलं. चौकशी लागली असती, मी म्हटलं. “इथेही लागते. फक्त ती तीस वर्षं चालते.”

तिसरा दिवस, मंगळवार: नर्मदेकाठी

नर्मदापुरम, म्हणजे आपलं जुनं होशंगाबाद. वाटेत बुदनीला थांबून लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी घेतली. नातीसाठी भोवरा, जातं, आणि एक अतिशय कुरूप कोंबडा जो मलाच आवडला. रस्त्याच्या कडेला चरकावर लाकूड फिरतं, त्यावर लाखेची कांडी दाबली की रंगाचं वळं उमटतं. पाच मिनिटं थांबून बघावं असं काम.

आदमगढची टेकडी गावालाच लागून आहे. भीमबेटक्याला जाणाऱ्या शंभरांतले पाचही इथे येत नसावेत. आम्ही गेलो तेव्हा चौकीदार, दोन बकऱ्या आणि एक प्रेमी जोडपं एवढेच होते. चित्रं पुसट आहेत, पण एक भलामोठा हत्ती ओळखता येतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आर. व्ही. जोशी आणि म. द. खरे यांनी इथे खणलं. हजारोंनी सूक्ष्मपाती निघाली, आणि हाडांत रानटी जनावरांबरोबर कुत्रा, गाय, शेळी अशी माणसाळलेलीही. कार्बन-१४ ने काळ आला इ.स.पू. ५५०० च्या आसपास. भारतातल्या पशुपालनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत आदमगढचं नाव घेतात ते यामुळे. इथे मला पहिल्यांदा असा आकडा मिळाला की ज्याच्या मागे नमुना होता, प्रयोगशाळा होती. मी वहीत तो ठळक केला. मुक्ताने वहीत डोकावून ‘आसपास’ या शब्दाखाली रेघ ओढली.

चौकीदाराने आमच्याकडून चिवडा घेतला (उरलेला, वानराने न सांडलेला) आणि बदल्यात सीताफळं दिली. त्याची आई या टेकडीला अजून ‘पांडवांची’ म्हणते. भीमबेटका हे नावही भीमावरूनच. इथे सगळं पांडवांनीच केलेलं असतं, आणि अज्ञातवास कमी पडावा इतक्या जागा आहेत.

हातनोरा इथून पुढे, नदीच्या काठाने. १९८२ च्या डिसेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना तिथल्या दगडगोट्यांच्या थरात मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. ‘नर्मदा मानव’ तो हाच. आधी त्याला होमो इरेक्टस, म्हणजे आपल्या आधीची मानवजात, म्हटलं; नंतर पुरातन सेपियन, म्हणजे आपल्याच जातीचं जुनं रूप, म्हणणारे पुढे आले. भीमबेटक्याच्या तळच्या थरांतली हत्यारं ज्यांनी केली ती माणसं कशी दिसत, याला हाताशी असलेला मुख्य दुवा हाच. आम्ही हातनोऱ्याला गेलो नाही. शकीलभाईंनी रस्त्याचं वर्णनच असं केलं की माझी कंबर आधीच दुखायला लागली.

संध्याकाळ सेठानी घाटावर काढली. पायऱ्या उंच, पाणी संथ, गार वारा. एक बाई पानाच्या द्रोणात दिवा सोडत होती, पहिला विझला, दुसरा विझला, तिसरा गेला लांबवर. मुक्ता मात्र नदीकडे बघत नव्हती. पलीकडच्या काठावरच्या कापलेल्या मातीचे पट्टे मोजत होती.

चौथा दिवस, बुधवार: भोजपूर आणि परत

भोजपूर भीमबेटक्याच्या वाटेवरच करता येतं, आम्ही परतीला केलं. अकराव्या शतकातलं परमार भोजाचं शिवमंदिर, अर्धवट राहिलेलं. शिवलिंग इतकं प्रचंड की पुजारी शिडीने चढतात. पण मंदिरापेक्षा मागचा कातळ पाहा: त्यावर खांब, शिखर, कमानी यांचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत. गवंड्यांचा नकाशा तसाच राहिला. मागच्या बाजूला दगड वर चढवायचा मातीचा उतारही आहे. काम करणारी माणसं जेवायला गेली आणि परत आलीच नाहीत, असं वाटतं. तीन दिवस अंदाजांत काढल्यावर मला शतक नक्की असलेली जागा बघून उगाच हायसं वाटलं.

रात्रीची गाडी. या वेळी मी आधीच शकीलभाईंना विचारून कुठल्या बाजूची खिडकी ते पक्कं केलं होतं. ओबेदुल्लागंज गेलं, मी काचेला नाक लावलं, दोन्ही हातांनी डोळ्यांवर आडोसा केला. बाहेर मिट्ट काळोख. काचेत माझंच तोंड.

पुण्याला आल्यावर वहीचं पान नीट उतरवून काढलं. तीन आकड्यांच्या जागी सहा ओळी झाल्या. खडक: वाद, पंचावन्न कोटींचा ठसा बाद. तळची जमीन: हत्यारांवरून अंदाज. वरचे थर: कार्बन. चित्रं: एकावर एक. स्वार: शस्त्रांवरून. मोहोळ: परवापरवाचं. बेरीज करता येत नाही असं पान मी पहिल्यांदाच सही करून मिटलं.

पुढच्या आठवड्यात मुक्ताचा डबा द्यायला तिच्या प्रयोगशाळेत गेले. काळ्या पडद्याच्या दोन दारांमधून आत घेतलं तिने. आत फक्त मंद लाल दिवा. टेबलावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप, दोन्ही तोंडांना काळी चिकटपट्टी. कुठल्याशा नदीच्या काठात ठोकून आणलेला. तिने एका टोकाची पट्टी सोलली, उन्हाचा स्पर्श झाला असेल म्हणून पहिली दोन बोटं माती खरवडून बाजूला टाकली, आणि मधली माती चमच्याने एका चंचुपात्रात घेतली. मी डबा ठेवायला हात पुढे केला तर तळहात लालभडक दिसला, गेरूत बुडवल्यासारखा. भीमबेटक्यातला तो छोटा पंजा आठवला. मी हात तसाच धरून बघत राहिले, पाठीमागचं दार कोपराने जरासं ढकललं गेलं.

“मावशी, दार!” मुक्ता ओरडली. “दार लाव आधी, ऊन आत येतंय!”